गरोदर किशोरींसाठी आधारगट कसा सुरू करायचा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा पोटुशी आढळल्या. २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के, परभणी जिल्ह्यात ४८ टक्के आणि बीडमध्ये ४४ च्या आसपास. ऊसतोडीला जाताना वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने कारखाने सुरू व्हायच्या आधीच लग्न उरकलं जातं आणि सोळाव्या-सतराव्या वर्षी तिला दिवस जातात.

मी याच पट्ट्यात मुलींबरोबर काम करते. असा गट उभा करायला घेतला तेव्हा सुरुवात कुठून करायची हे सांगणारं मराठीत काही हाती लागलं नाही. विचारत विचारत जे समजलं ते इथे ओळीने मांडते आहे. तुम्ही आशाताई असा, अंगणवाडीताई, शिक्षिका, बचतगटातल्या कार्यकर्त्या किंवा गावात चार घरं जिचं ऐकतात अशी बाई, हे काम तुम्हाला जमेल. फक्त दुसरी पायरी गाळून पुढे जाऊ नका.

१. गट कुणाचा, हे आधी ठरवा

‘गरोदर किशोरी’ म्हटलं की तीन प्रकारच्या मुली समोर येतात. लग्न झालेल्या पण अठरा पूर्ण न झालेल्या, लग्न झालेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या, आणि लग्न न झालेल्या. पहिल्या दोघी एकत्र बसू शकतात, त्यांचे प्रश्नही सारखे असतात. लग्न न झालेल्या मुलीला मात्र थेट बैठकीत आणू नका. गावात तिचं नुसतं तिथे येणंच बातमी ठरतं. तिला एका ताईने एकटीने भेटायचं, ती म्हणेल तेव्हाच गटात घ्यायचं, आणि ती कधीच नको म्हणाली तरी भेटी चालू ठेवायच्या.

संख्या लहान ठेवा. पाच ते आठ मुली पुष्कळ झाल्या. दहाच्या वर गेलं की बोलणाऱ्या दोघी बोलतात आणि बाकीच्या भिंतीला टेकून ऐकतात.

२. कायदा समजून घ्या, आणि तो मुलीला पहिल्याच भेटीत सांगा

हा या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे, म्हणून इथे सावकाश सांगते.

पॉक्सो कायदा २०१२, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, त्याप्रमाणे अठराच्या आतली प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिच्याशी शरीरसंबंध हा गुन्हा आहे. तिची मर्जी होती का, हा प्रश्न तिथे येत नाही. नवरा असला तरी सुटका नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ च्या निकालात हे स्पष्ट केलं. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळतं त्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवायचं असतं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थेचा प्रमुख असेल तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कुठलीही जबाबदारी येत नाही.

याचा अर्थ असा, की सतरा वर्षांच्या पोटुशा मुलीला ‘तू सांगितलेलं माझ्यापाशीच राहील’ असं वचन तुम्हाला देता येत नाही. ते देऊन पुढे मोडलं तर ती मुलगी परत कुणाजवळही तोंड उघडणार नाही. आमच्या गटात पहिल्या भेटीत जे सांगितलं जातं ते साधारण असं: ‘मी तुझं सगळं ऐकणार आहे आणि शेवटपर्यंत तुझ्यासोबत राहणार आहे. पण तुझं वय अठराच्या आत असेल, तर तुला दिवस गेल्याचं मला पोलिसांना कळवावं लागतं. कळवायच्या आधी तुला सांगेन, तुझ्याबरोबर येईन. बाकीचं कुणाला किती सांगायचं ते तू ठरव.’ मुली रडतात, उठून जातात. तरी हे आधीच सांगायचं.

पुष्कळदा दवाखान्यात नाव नोंदवतानाच वैद्यकीय अधिकारी एमएलसी करतात, म्हणजे पोलिसांना खबर गेलेली असते. ती गेली आहे का, हे आधी विचारा. गेली नसेल तर पुढे काय होणार ते मुलीला नीट समजावून सांगून खबर द्या. तिचे हक्क तुम्हाला पाठ हवेत. जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यांत घ्यायचा. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही. तपासणी महिला डॉक्टरने, आईवडील किंवा तिच्या भरवशाच्या माणसासमोर करायची. बालकल्याण समिती, म्हणजे बालकांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्यातली सरकारी समिती, तिच्यासाठी आधारव्यक्ती, म्हणजे या सगळ्यात सोबत करणारं माणूस, नेमू शकते. हे मागून घ्या, आपणहून मिळेलच असं नाही.

मला मनापासून वाटतं ते इथे लिहिते. या कायद्याच्या भीतीने कुटुंबं मुलीला दवाखान्यापासून लांब ठेवतात, घरी बाळंतपण करतात, आणि खरा जीवघेणा धोका तिथे आहे. म्हणून घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगा: पोलिसांचा कागद आणा, मग उपचार करू, असं कुठलाही दवाखाना म्हणू शकत नाही. उपचार आधी, कागद नंतर.

मुलगी आज अठरा पूर्ण असेल पण गर्भ राहिला तेव्हा सतराची होती, असंही होतं. अशा वेळी अंदाज बांधत बसू नका, पुढच्या पायरीतल्या वकिलांना विचारा.

३. मुलींच्या आधी माणसं जोडा

पहिली बैठक घेण्याआधी यांना प्रत्यक्ष भेटा. फोनवर ओळख होते, पण रात्री अकराला फोन उचलला जातो तो भेटलेल्या माणसाचा.

- उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात किशोरवयीनांसाठीचं ‘मैत्री’ क्लिनिक असेल तर तिथल्या समुपदेशक.
- जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याने महिला आणि बालकांना उत्पन्न न पाहता वकील मोफत मिळतो. अत्याचारपीडितांना सरकारी मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्जही इथूनच चालतो. मदत क्रमांक १५१००.
- बालकल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष.
- सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे त्रासातल्या बायकांना एकाच जागी मदत देणारं सरकारी केंद्र, आणि ठाण्यातल्या महिला पोलिस अधिकारी.
- ग्रामसेवक. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात, हे बऱ्याच गावांना ठाऊकही नसतं.

चाइल्डलाइन १०९८, महिला मदत १८१, रुग्णवाहिका १०८, मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६. हे आकडे मुलीच्या वहीत शेवटच्या पानावर तिच्याच हाताने लिहून घ्या. मोबाइल बहुतेक वेळा नवऱ्याचा किंवा सासऱ्याचा असतो.

४. जागा, वेळ आणि नाव

दाराला ‘गरोदर किशोरी आधारगट’ अशी पाटी लावू नका. आम्ही त्याला नुसतं ‘मंगळवारची बैठक’ म्हणतो. जागा अशी हवी जिथे बाई गेली तर कुणी वळून पाहत नाही: उपकेंद्राची मागची खोली, शाळा सुटल्यावरचा वर्ग, बचतगटाचं ऑफिस. चावडीजवळची किंवा देवळासमोरची जागा टाळा. शौचालय आणि पिण्याचं पाणी बघून घ्या. सातव्या महिन्यातल्या पोरीला दर अर्ध्या तासाने उठावं लागतं.

दिवस निवडताना आठवडी बाजाराचा विचार करा. त्या दिवशी घराबाहेर पडायला मुलीला कारण लागत नाही. दर महिन्याची ९ तारीखही सोयीची, कारण प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात त्या दिवशी सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. तपासणीहून थेट बैठकीला येता येतं.

५. बैठकीत काय करायचं

पहिल्या दिवशी ओळख करून द्यायला लावू नका. नाव, गाव, कितवा महिना असं गोल बसून सांगायला लागलं की मुली मान वर करत नाहीत. आम्ही गोधडी शिवायला घेतो. जुनी लुगडी, सुती साड्या, सुईदोरा मधे ठेवायचा आणि बाळासाठी दुपटं शिवायला बसायचं. हात गुंतले की नजर खाली ठेवायला कारण मिळतं, आणि मग शब्द येतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी हळूच विचारतं, ‘ताई, बाळ बाहेर कुठून येतं?’ सहावा महिना लागलेल्या मुलीला हे माहीत नसतं, कारण तिला कुणी सांगितलेलंच नसतं. हसू नका, आश्चर्य दाखवू नका. चित्र काढून सांगा. कळा म्हणजे काय, पाणी जाणं म्हणजे काय, टाके का पडतात, सिझर कधी करतात, सगळं.

व्याख्यान अर्ध्या तासाच्या वर नको. उरलेला वेळ त्यांचा. गटाचे नियम त्यांनाच करायला सांगा. ‘इथलं बोलणं पाणवठ्यावर न्यायचं नाही’ हा नियम बहुतेक गटांत त्या स्वतःच सांगतात.

प्रत्येकीशी महिन्यातून एकदा एकटीने बोला आणि दोन गोष्टी थेट विचारा. घरी कुणी मारतं का? आणि जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने मुलीच्या डोक्यात तो विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं याने तिला मोकळं होता येतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्या दिवशी तिला एकटं घरी पाठवू नका, वैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच कळवा आणि घरातल्या कीटकनाशकाच्या बाटल्या कुठे ठेवल्या आहेत याची चौकशी करा.

फोटो काढायचा नाही. देणगीदाराला नाही, ग्रामपंचायतीच्या अहवालाला नाही, पाठमोराही नाही. पॉक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ दोन्ही ओळख उघड करायला मनाई करतात. व्हॉट्सअॅप ग्रुपही नको.

६. तब्येत

तुम्ही डॉक्टर नाही, पण डॉक्टरपर्यंत वेळेत पोचवणारी बाई तुम्ही आहात. कमी वयाच्या आईला रक्त कमी असणं, रक्तदाब वाढून झटके येणं, बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग होणं यांचा धोका जास्त असतो. बाळ दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाचं जन्मण्याचाही.

एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ७ च्या खाली म्हणजे तातडीने मोठ्या दवाखान्यात. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्या रोज, निदान १८० दिवस. मुली त्या फेकून देतात, कारण मळमळतं आणि शौचाला काळं होतं. काळं होणं साधं आहे हे आधीच सांगा. गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगा, चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको.

ही लक्षणं प्रत्येकीला आणि तिच्या सासूला तोंडपाठ हवीत: अंगावरून रक्त जाणं, डोकं प्रचंड दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्याला सूज, झटके, ताप, बाळाची हालचाल कमी होणं, वेळेआधी पाणी जाणं. यातलं एक दिसलं की १०८.

बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि ने-आण सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, वयाची अट नाही. अंगणवाडीचा आहारही मिळतो. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे मात्र अल्पवयीन मुलीला मिळत नाहीत. खोटी आशा लावू नका, आणि पैशासाठी आधारवरचं वय वाढवून देणाऱ्याला दारात उभं करू नका. वयाचा प्रश्न आला की बाल न्याय कायदा आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पाहतो, मग जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार त्या यादीत नाही.

७. गर्भ ठेवायचा की नाही

निर्णय तुमचा नाही, सासूचा नाही, सरपंचाचा तर मुळीच नाही. तुमचं काम सगळे रस्ते आणि त्यांच्या मुदती समोर ठेवणं.

गर्भपाताच्या कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली, त्यानंतर गर्भपाताला २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत लागतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं, आणि अल्पवयीन मुली व अत्याचारपीडिता या मुदतीत बसतात. त्यापुढे सहसा उच्च न्यायालयात जावं लागतं; मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ, आणि अर्ज विधी सेवा प्राधिकरणामार्फत करता येतो. आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. किशोरींची पाळी नियमित नसते, त्यामुळे कळायलाच चौथा-पाचवा महिना उजाडतो. एक आठवडासुद्धा ‘बघू’ म्हणण्यात घालवू नका.

अठराच्या आत असेल तर पालकाची लेखी संमती लागते. पालक म्हणजे तिचा सांभाळ करणारी व्यक्ती, म्हणजे आईची सही चालते. अठरा पूर्ण असेल तर तिची एकटीची सही पुरते. नवऱ्याची सही मागणारे दवाखाने आहेत, कायदा ती मागत नाही. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलं, की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करण्याची गरज नाही. ही सवलत डॉक्टरसाठी आहे, तुमच्या गटासाठी नाही. पण ती डॉक्टरांच्या लक्षात आणून द्यायला हरकत नाही. गुन्हा नोंदला असेल तर डीएनए तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा लागतो, म्हणून तारीख ठरताच तपास अधिकाऱ्यांना सांगा.

मेडिकलमधून गुपचूप आणलेल्या गोळ्या आणि ‘पिशवी साफ करून देते’ म्हणणारी बाई, या दोन्हींपासून मुलीला वाचवणं हे गटाचं पहिलं काम समजा. अर्धवट गर्भपात झाला की रक्तस्राव थांबत नाही, आणि घरचे तो लपवतात.

बाळ जन्माला घालून सांभाळायचं नसेल तर ते कायद्याने बालकल्याण समितीपुढे सुपूर्द करता येतं. फेरविचाराला दोन महिने मिळतात. ‘माझ्या ओळखीत मूल नसलेलं जोडपं आहे’ म्हणत येणारा डॉक्टर, नर्स किंवा नातेवाईक कितीही भला वाटला तरी बाळ त्याच्या हातात देऊ नका. असं दत्तक देणं-घेणं गुन्हा आहे, आणि पुढे त्या बाळाचा माग लागत नाही.

आणि एक सापळा जो हमखास येतो: ‘पोरगा तयार आहे, लग्न लावून टाकू, विषय संपला.’ अठराच्या आत लग्न लावलं तर पॉक्सोचा गुन्हा मिटत नाही, वर बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा दुसरा गुन्हा वाढतो. तो लावणाऱ्या आईवडिलांवर आणि भटजींवरही. झालेलं बालविवाहाचं लग्न मुलगी सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत रद्द करून घेऊ शकते, आणि तसं झालं तरी बाळ औरस राहतं. हे फार कमी मुलींना कुणी सांगितलेलं असतं.

८. आई आणि सासूसाठी वेगळी चटई

मुलीला घेऊन येणारी बाई दारात बसून राहते आणि आतलं बोलणं थांबतं. तिला हाकलू नका. दुसऱ्या ताईने तिच्यासोबत ओट्यावर बसायचं, चहा द्यायचा आणि तिचंही ऐकायचं. तिचं स्वतःचं लग्न बहुधा चौदाव्या-पंधराव्या वर्षी झालेलं असतं. दोनतीन भेटींनंतर तीच आधी टोकते, ‘आमच्या वेळी काय कमी होतं?’ त्यावर वाद घालू नका, तिच्या बाळंतपणांची विचारपूस करा. किती जगली, किती गेली, हे ती सांगू लागली की सुनेच्या गोळ्या वेळेवर मिळू लागतात. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

९. कागद

मुलीची फाइल घरी ठेवायची की तुमच्याकडे, हे तिला विचारा. मूळ कागद कुणाकडूनही ठेवून घेऊ नका, झेरॉक्स पुरे.

- शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला
- आधार, रेशनकार्ड
- माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट
- तिच्या नावाचं बँक पासबुक
- एफआयआरची प्रत, ती मोफत मिळते
- बालकल्याण समितीचे आदेश

बाळाचा जन्म २१ दिवसांत नोंदवा. वडिलांचं नाव सांगायचं नसेल तर अडवणूक होते, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचा ६ जुलै २०१५ चा निकाल दाखवा: अविवाहित आईने प्रतिज्ञापत्र दिलं की दाखला द्यावा लागतो.

गटाच्या रजिस्टरमध्ये नावं नकोत, खुणेचे क्रमांक ठेवा. क्रमांक कुणाचा हे सांगणारी वही वेगळ्या कुलपात.

१०. पैसा आणि नोंदणी

सुरुवातीला नोंदणीच्या मागे लागू नका. सुई-दोरा, शेंगदाणे-गूळ, उकडलेली अंडी आणि रिक्षाभाडं इतकाच खर्च असतो, तो बचतगटातून भागतो. आधीच नोंदणी असलेल्या संस्थेच्या छत्राखाली काम सुरू करा. पुढे लागलीच तर संस्था नोंदणी आणि धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदणी करा.

एक गोष्ट कधीच करू नका: घरातून काढलेल्या मुलीला स्वतःच्या घरी राहायला ठेवणं. जीव तुटतो, पण बाल न्याय कायद्याप्रमाणे बालकांना निवारा देणारी जागा नोंदणीकृतच लागते. रात्र असो वा पहाट, १०९८ ला फोन करा. समितीच्या आदेशाने ती बालगृहात जाईल. तुम्ही तिच्यासोबत गाडीत बसा.

११. बाळंतपणानंतर

बाळ झालं की मुलीला गटातून काढू नका. पहिले सहा आठवडे ती सगळ्यात एकटी असते. अंगावर पाजणं, टाके, झोप, उगाच येणारं रडू, या सगळ्यासाठी घरी जा. दुसरं बाळ लगेच नको असेल तर तांबी किंवा अंतरा इंजेक्शनबद्दल आरोग्यसेविकेशी तिची भेट घालून द्या, नवरा आणि सासू समोर नसताना.

शाळेचा विषय लवकर काढा. दहावी-बारावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. मुक्त विद्यालयाचाही रस्ता आहे. फॉर्मची मुदत दरवर्षी मंडळ जाहीर करतं; ती तारीख तुम्ही लक्षात ठेवा, तिच्या डोक्याला तेव्हा बाळाशिवाय काही सुचत नाही.

दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की निम्मा गट रिकामा होतो. निघायच्या आधी प्रत्येकीचं कार्ड भरलेलं आहे का ते तपासा, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून कारखान्याचं नाव आणि तळाचं ठिकाण लिहून घ्या, आणि तिथल्या आरोग्य केंद्राला इथल्या आरोग्यसेविकेकडून फोन करवा. आठवा-नववा महिना असेल तर तिला फडावर पाठवू नये यासाठी घरच्यांशी बोलायला वैद्यकीय अधिकाऱ्यांना सोबत घेऊन जा. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची आहे असं उत्तर येईल. तेव्हा तिच्यापुरतं मागे राहायला मावशी-आजी कोण आहे, ते त्याच बैठकीत ठरवून उठा. टोळ्या परतल्या की पहिल्या आठवड्यात घरी जा आणि बाळाचं वजन, राहिलेल्या लसी, तिचं एचबी आणि फॉर्मची तारीख या चार गोष्टी बघून घ्या.